एक जून

साखर पेठेत वाचनालयाच्या भिंतीला फळा आहे,
त्याच्या डाव्या कोपऱ्याला वाळवी लागलीय,
म्हणून मी वाढदिवस उजवीकडे लिहितो.
वर आजचा शब्द, मग 'माहीत आहे का',
मग इतिहासात आज.
खडू वाचनालयाचा, अक्षर माझं,
चुका इराबत्ती सरांच्या जुन्या वहीतल्या,
असं मी सांगतो.

साडेसहाला रात्रपाळी सुटते.
त्यांच्या कानांत माग अजून चालूच असतो,
म्हणून ते फार मोठ्यानं वाचतात.
'तूप', एकदा लिहिलं, 'मूळ शब्द कानडी.'
गुरुबसप्पा दूधवाल्यानं सायकल थांबवली,
एक पाय टेकवून दोनदा वाचलं,
आणि म्हणाला, शब्द घ्या की बे फुकट,
भाव तेवढा विचारू नका.

'ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.'
त्याच दिवशी सिव्हिलमधून घरी आलेला यादगिरी
छातीवर हात ठेवून उभा राहिला.
बोलला काही नाही.
दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं,
तिन्ही एकदम दुखतात का?
मी वही चाळली.
वहीत तेवढं नव्हतं.

बारा जानेवारीला फळा जवळजवळ मोकळा ठेवतो.
चार नावं, खाली येरवडा.
गड्ड्याकडे निघालेली पोरं
पिपाणी तोंडातून काढतात,
वाचून होईपर्यंत.

आणि वाढदिवस.
एक शास्त्रज्ञ, एक गवई, कुठल्याशा देशाचा अध्यक्ष,
दोन शतकं ठोकलेला कुणी.
लचव्वा कमरेला विड्यांचं सूप घेऊन
कारखान्याच्या वाटेवर थांबते.
तिला मराठी बोलता येतं, वाचता नाही.
आज कोण जन्मलं?
मी नाव सांगतो.
कोणाच्या घरचा?
हे मला कधीच सांगता येत नाही.

एकदा तिनं पदरातून कार्ड काढलं,
घाम पिऊन मऊ झालेलं.
माझं कधी असतं, बघ.
एक जून.
कोणी लिहिलं?
कारखान्याच्या क्लार्कनं. म्हणाला, काहीतरी लागतं.
आई सांगायची, भोंगा झाला होता.
पहिला की तिसरा, ते तिला आठवलं नाही.

ती गेल्यावर मी माझं कार्ड आठवलं.
मला शाळेत घालताना
बाप गुरुजींपुढे नुसता उभा राहिला होता,
गुरुजींनी टाक बुडवला होता.

मे संपला.
त्या रात्री फळा पाण्यानं धुतला.
सकाळी वर लिहिलं,
आजचा शब्द: पुट्टिनरोजू. मूळ तेलुगू. अर्थ, वाढदिवस.
आमचे अध्यक्ष चष्मा सारखा करत म्हणाले,
हा शब्द मराठीत नाही.
मी म्हटलं, गल्लीत आहे.
'माहीत आहे का'ला काही सुचलं नाही, सोडून दिलं.
मग नावं.
लचव्वा. यादगिरी. वॉर्पिंगवाला हुसेनसाब.
गुरुबसप्पा, आणि त्याचे दोघे भाऊ,
तिघंही एकाच दिवसाचे, तीन वेगळ्या सालांचे.
लोक रेशनकार्ड घेऊन रांगेत आले.
एक बाई भांडली, माझा एकतीस मे आहे,
मला खरा माहितीय,
माझं यात नको.
नावं उजवीकडून डावीकडे सरकत गेली,
वाळवीचा कोपरासुद्धा घेतला,
तिथं खडू लागेना, दाबून लिहिलं,
भुसा पडला.
शेवटी माझं, बारीक.

लचव्वा उशिरा आली. सूप खाली ठेवलं,
हे तिनं कधी केलं नव्हतं.
माझं कुठंय?
मी बोट ठेवलं. तिनंही ठेवलं,
बोटाला तंबाखूचा वास, नावाला खडूचा.
परत वाच.
परत वाचलं.
तिनं मान हलवली, सूप उचललं,
दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली,
कोणाच्या घरची, ते राहिलं.

खडू नखाएवढा उरला होता.