एका काडीवर

गाडीच्या मागच्या सीटवर सहा फोन,
पट्ट्यांनी बांधलेले, कुणाचेच नसलेले,
एकमेकांना सतत फोन लावत असतात.
शेषराव गाडी हाकतो चाळीसच्या वेगानं
अजनीपासून मानेवाड्यापर्यंत, मग उलट.
मी मांडीवरच्या पडद्यावर बघतो
कुठला टॉवर कुठे हात सोडतो, कुठला धरतो.

'सायेब, मधातल्या मधात आवाज राह्यते कुठी?'
राहत नाही, मी म्हणतो. आधी नवा धरायचा,
मगच जुना सोडायचा. निदान पुस्तकात तरी.
'आन हात चुकला तं?'

मंजूषाचा रोज चुकतो.
रात्री आठ-दहाला ती मेडिकलच्या वॉर्डातून निघते,
वायफायवर बोलत बोलत
जिना, पोर्च, सायकल स्टँड,
फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली आली की
तुटतं.
वायफायची एक काडी उरलेली असते
आणि फोन तिलाच धरून बसतो.
चौकात टॉवर उभा, चार काड्या घेऊन,
पण बुडत्याला ती एकच दिसते.
दोन वर्षं ऐकतोय मी:
'बरं, आणि एक सांगायचं होतं—'
घरी आल्यावर विचारलं, तर
'काही नाही जी, विसरली मी.'

दवाखान्याचं काम आमच्याकडे आलं मे महिन्यात.
नऊ वाजले तरी डांबर तापलेलं.
मी उंबरठा जरा वर उचलला:
इतकं क्षीण झालं की सोडायचं.
आणि सोडल्यावर लगेच मागे फिरायचं नाही,
नाहीतर दोन दारांत हेलपाटे घालत
फोन दमून जातो.
आकडे. नुसते आकडेच टाकले मी.

दुसऱ्या रात्री ती निघाली. जिना. पोर्च.
'बरं, आणि एक सांगायचं होतं—'
आणि थांबली.
सवयीनं, कडुलिंबाच्या एक पाऊल अलीकडे.
मला ऐकू येत होता
'सक्करदरा, सक्करदरा' ओरडणारा ऑटोवाला,
तिच्या चपलेखालची रेती,
तिचा श्वास, अख्खा.
पडद्यावर रेघ बदलली, तरी चालूच राहिली.

'हॅलो? कटला नाही?'
'नाही.'
'काहून?'
उंबरठ्याचं मी काही बोललो नाही.
ती पण नाही.
चौकातला टॉवर आमचं गप्प राहणं
नीट वाहून नेत होता.

शेषरावानं गाडी बाजूला घेतली,
इंजिन बंद केलं,
आणि काच खाली करून
खर्रा घोटत बसला.