नवसागर

वसमतच्या आमच्या शाळेत दर्शकाची बाटली
दिवाळीनंतर रिकामीच असायची.
मग मेहबूबचाचा मोंढ्यातून हळद आणायचे,
पोत्याखाली सांडलेली, झाडून घेतलेली, मातीसकट,
स्पिरिटात भिजवून फडक्यातून गाळायचे,
आणि देवणे सर म्हणायचे, चालतंय.
लिहा: दर्शक, हळद.

कॉस्टिक सोड्यात दोन थेंब टाकले
की शंकुपात्रात कुंकू.
वरून ब्युरेटमधलं आम्ल. थेंब. थेंब.
लाल नेमकं कुठल्या थेंबाला जातं, तेवढंच बघायचं.
माझी तोटी सैल, हात त्याहून सैल,
एका दमात सगळं पिवळंधमक.
"गेलं पुढं," चाचा मागून म्हणायचे,
"फिरसे भर, बेटा."

वहीत मात्र सोपं होतं.
आम्ल अधिक आम्लारी, बाण, क्षार अधिक पाणी.
बाणाच्या अलीकडं दोघंही कातडी सोलणारे,
पलीकडं, वरणात घालावं असं काहीतरी.
बाणात काय होतं, मी विचारलं.
सर म्हणाले, बाणात काही नसतं. बाण आहे तो.

एका शनिवारी सर हिंगोलीला, मिटिंगला.
चाचांनी दोन बाटल्या टेबलावर मांडल्या,
एकीत मिठाचा तेजाब, एकीत अमोनिया,
मध्ये वीतभर जागा. बुचं काढली.
कुणी काही ओतलं नाही, कुणी काही हलवलं नाही,
आणि त्या वीतभर रिकाम्या हवेत
पांढरा धूर उभा राहिला.

"नवसागर," चाचा म्हणाले.
"अब्बाच्या भट्टीवर हाच निघायचा.
तापल्या पातेल्यात चिमूटभर टाकायचे,
कथील लावून कापसानं फिरवायचे,
काळं भांडं, बघता बघता आरसा.
मी भाता ओढायचो. वाटायचं,
भांड्याचा जीवच चाललाय वर."

मग स्टील आलं.
भाता माळ्यावर गेला, चाचा शाळेत लागले,
आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी
या दोन बाटल्या शेजारीशेजारी उघड्या विसरलं.
"सगळी पोरं पळाली, खोकत.
मी उभाच. वास तोच होता ना."

धूर सावकाश खाली बसला.
बाटल्यांच्या गळ्यावर, टेबलावरच्या जुन्या डागांवर,
तेजाबानं जाळी झालेल्या चाचांच्या बाहीवर
बारीक पांढरी भुकटी.
त्यांनी बोटानं टिपली, उजेडाकडं धरली,
बुचं लावली, आधी याचं, मग त्याचं.
बाटल्या होत्या तशाच, जवळजवळ भरलेल्या.

घंटा झाली तरी मी वही उघडून बसलेली.
क्षार लिहिलं. अधिक पाणी लिहायला घेतलं.
"पाणी कुठंय यात?" चाचा म्हणाले.
"खोड ते.
आणि बाण जरा लांब काढ."