घुमटावर हात

घुमटाला दोन तोंडं असतात.
मोठ्यावर कातडं ताणतात,
लहानावर डावा तळवा ठेवून
आवाज आत कोंडायचा,
मागीर सोडायचा.
हे मला मथुरीनं शिकवलं.
तिच्या घरी चार पिढ्या घुमटं भाजली गेली
आणि भाजून झाली की गेली
कुणा ना कुणा बाप्याच्या मांडीवर.

डिचोलीच्या काजू कारखान्यात आम्ही एका बाकावर.
दिवसभर साल काढून बोटांची शेंडं काळी.
आम्हाला किलोमागे जे,
तिच्या भावाला त्याच्या दीडपट.
मुकादम म्हणाला,
"त्याला घर चालवायचं असतं गे."
मथुरी काही बोलली नाही.
एक सोललेला काजू उचलून
त्याच्यासमोर चावून खाल्ला.

त्या रात्री तिनं माळ्यावरचं घुमट काढलं.
म्हणाली, आत हात घाल.
घातला.
गळ्याच्या आत, जिथं कुणी बघत नाही,
मातीत रुतलेला एक अंगठा.
"आईचो."
आईचा अंगठा दोनच ठिकाणी उमटला, ती म्हणाली:
भावांसाठी वाटणी सोडली त्या कागदावर,
आणि इथं.
कागद मामाच्या कपाटात आहे, कुलपात.

मग पंचायतीच्या मागच्या पडवीत
दर गुरुवारी सहाजणी.
कासिल्द आली, तिचा नवरा तियात्रात ट्रंपेट वाजवतो,
मात्रा मोजायला तिनेच शिकवलं.
"मांड्यात घुमट वाजतं तेव्हा
मला पंखा देतात हातात," ती म्हणायची,
आणि थाप अशी मारायची
की पडवीतली कोंबडी उडायची.
सत्यवतीनं शामेळ घेतलं,
तिच्या सुनेनं कांसाळं,
सासवेला ताल चुकवू न देण्याचा हक्क
तिला पहिल्यांदाच मिळालेला.

गावात बोलणं झालंच.
बायकांचा हात लागला तर कातडं सैल पडतं म्हणे.
चवथीच्या संध्याकाळी खरंच सैल पडलं.
भाद्रपदाची हवा, दुसरं काय.
निखाऱ्यावर धरलं, चटका घेत धरलं,
बोटानं टिचकी मारली: टण्ण.

आरती सुरू झाली.
बाप्ये ओळीनं भिंतीला टेकून,
हातांचं काय करावं ते न कळून
काहींनी टाळ्या धरल्या.
मथुरीचा तळवा उघडत होता, मिटत होता.
प्रत्येक थापेचा वारा
त्या अंगठ्यावरून जाऊन बाहेर पडत होता.
मी हे कुणाला सांगितलं नाही.
मलाही ठाऊक नसतं
तर ते नुसतं घुमट वाटलं असतं,
चांगलं वाजणारं.

सोमवारी वहीत तोच दर.
मथुरीनं आकड्यावर बोट ठेवलं,
सही केली नाही,
बाकावर येऊन बसली.
उजवा हात लाकडावर, डावा हवेत,
उघड, मीठ, उघड.
पलीकडच्या बाकानं समेवर ठोका दिला,
नंतर त्याच्या पलीकडच्यानं.
मुकादम दारात.
"कितें चल्लां?"

"सराव," ती म्हणाली.