दोन कोरी

मनामातल्या या तळघराला खिडकी नाही.
वर रस्त्यावर सत्तेचाळीस अंश,
इथे कॅमेऱ्याला गारवा लागतो, म्हणून मलाही
ऑगस्टात स्वेटर.

अभ्यासाला माणसं हवी होती :
गोळ्या घेणारी वीस, न घेणारी वीस.
न घेणाऱ्यांत सातव्या क्रमांकावर मी,
आबिदा तुंगेकर, वय एकेचाळीस, मुक्काम पोस्ट श्रीवर्धन,
चहा सोडला तर व्यसन नाही.

घेणाऱ्यांत अकरावा व्यंकट सोनकांबळे.
उदगीरचा. बाइकवरून लोकांची जेवणं पोचवतो.
हेल्मेट मांडीवर धरून बसला,
कुणाचं तरी मूल सांभाळायला दिल्यासारखं.
"कागद पोलिसाकडं जात न्हाई ना?"
"नाही. तुमचं नावसुद्धा जात नाही. फक्त अकरा जातो."
"मग बरं हाय."

फॉर्म अरबीत आणि इंग्रजीत.
मराठी मी तोंडानं करत गेले.
कधीपासून. किती. एकटे की कुणासोबत.
मग एक चौकट आली, तिथे जीभ अडखळली :
मौजेखातर घेता का?
तो बघत राहिला.
"मौज?"
मग हसला. "रात्री दोनला एकजण
सातव्या मजल्यावर आइस्क्रीम मागवतो, मॅडम.
मौज त्येची असंल."
चौकट मी कोरी ठेवली.

शिरेत सुई. मग चार तास थांबायचं,
औषध मेंदूत चढून
मज्जापेशींच्या टोकांवर आपापली जागा धरेपर्यंत.
मी म्हटलं, टीव्ही आहे, मासिकं आहेत.
तो खुर्चीतच झोपला.
झोपला म्हणजे विहिरीत दगड.
फोन नऊ वेळा थरथरला,
मी तो उचलून टॉवेलाखाली सरकवला.
प्रोटोकॉलमध्ये हे नाही.

उठवताना जिवावर आलं.
डोकं खोबणीत, कपाळावर पट्टी.
"हलायचं नाही. अर्धा तास."
"गोळी खाल्ली की त्येवढंच जमत न्हाई."
कॅमेरा त्याच्याभोवती फिरत राहिला,
घाण्याच्या बैलासारखा,
डोळे तेवढे उघडे.

मग पडद्यावर उजळल्या त्या दोन,
मेंदूच्या पार आत, शेजारी शेजारी.
डॉक्टर हनान त्यांना स्वल्पविराम म्हणते,
शेपूट झिजलं की उरतं नुसतं टिंब.
मला त्या चंद्राच्या कोरीच दिसतात.
ईदच्या आदल्या संध्याकाळी अब्बा बोट दाखवायचे,
माडाच्या डावीकडे बघ, आणखी डावीकडे,
आणि मला दिसली नाही तरी मी हो म्हणायचे.

रंग खरे नसतात, हे मी सगळ्यांना सांगते.
असतात ते आकडे. आम्ही त्यांना लाल-पिवळं नेसवतो.
तरी अकराची शेपटं फिकी होती.
माझ्या सातशेजारी ठेवली
तर आणखी फिकी झाली.

त्याला बघायचं होतं. दाखवायचं नसतं. दाखवलं.
बराच वेळ त्यानं काही विचारलं नाही.
मग पाकिटातून, चिल्लर फिल्सच्या मागून,
एक मळकट गोळी काढून तळहातावर ठेवली.
तिच्यावर ठसवलेल्या दोन कोरी.
"सेम हाय की," म्हणाला. "कुणी कुणाचं चोरलं?"

"भरून येतंय का हे?"
हनान म्हणते, काहींचं. बरेच महिने थांबलं तर. थोडंफार.
वीस जणांवरून एकाचं सांगता येत नाही.
मी एवढंच म्हटलं, "झोपत जा."
"कवा?" असं त्यानं विचारलं नाही.
मी विचारलं असतं.

गोळी टाकायला त्यानं पिवळा डबा उघडला.
"त्यात नाही," मी ओरडलेच, "तो किरणोत्सारी कचऱ्याचा."
दुसरा डबा खोलीत नव्हता.
गोळी पुन्हा पाकिटात गेली,
पाकीट खिशात, हेल्मेट डोक्यावर,
फोनवर नऊ माणसं भुकेली.

संध्याकाळी मी नोंदी भरायला बसले.
सॉफ्टवेअरला कोरी चौकट चालत नाही.
हो किंवा नाही,
हो किंवा नाही, विचारत लुकलुकतंय.
मी चहा आणायला उठते.