सगळे एकदम बदलू नकोस

हुमेरा, पहिली गोष्ट,
ओळ संपली की एंटर मारू नकोस.
घंटी वाजली की गाडी डावीकडे ढकलायची,
ते माझं टंकयंत्र धोबीतलावच्या भंगारवाल्याकडे
अडीचशे रुपयांत गेलं.
आता ओळ आपली आपण वळते.

नव्या पानासाठीही एंटरची माळ लावायची नाही.
काल तू चौदा वेळा मारलंस,
वकील वाघुळदेंनी वर एक वाक्य घुसवलं
आणि सह्यांची जागा घसरत घसरत
कोऱ्या पानावर एकटी जाऊन बसली.
कंट्रोल धरून एंटर. एकदाच.

चहा आला, कंट्रोल-एस.
अशील रडायला लागलं, एस.
खालच्या झेरॉक्सवाल्याने मोठं मशीन सुरू केलं
आणि दिवे मिचमिचले,
तर आधी एस, मग देवाचं नाव.

फाइलला ‘फायनल’ म्हणू नकोस.
समोरच्या कोर्टात तीस वर्षं बघतोय,
फायनल काही नसतं.
तारीख घाल, वर्ष आधी.

आणि शोधा-बदला.
नीट ऐक, यात मी तोंडावर आपटलोय.

मंगलकिरण सोसायटी, माझगाव,
पुनर्विकासाचा मसुदा, एकशे बारा पानं.
सचिव राव मार्चमध्ये गेले, खोतबाई आल्या.
मी ‘राव’च्या जागी ‘खोत’ टाकलं, सगळे एकदम.
चारशे सहा बदल, यंत्र म्हणालं.
मी ऐटीत फाइल बंद केली, कटिंग मागवली.

संध्याकाळी खोतबाई चष्मा कपाळावर चढवून दारात:
‘ठखोत क्रमांक सात.
पुखोता सोबत जोडला आहे.
टाकीची गळती तात्काळ बंद कखोती.
अहो, हे काय आहे?’

फाइल बंद झाली की कंट्रोल-झेडही हात वर करतं.
सकाळची प्रत होती म्हणून वाचलो.

मग म्हटलं, रावच्या अलीकडे पलीकडे मोकळी जागा देऊन शोधू.
तर रावांनी, रावांचा, रावांकडे, सगळे निसटले.
आपल्या भाषेत माणसाला विभक्ती चिकटलेली असते.
शेवटी एकेक बघितलं. पुढचा. पुढचा. पुढचा.
चारशे सहापैकी राव नावाचा माणूस
फक्त एकतीस ठिकाणी होता.
बाकी सगळे ठराव, नि करावे.

एकतिसावा समासात सापडला.
‘रात्री गच्चीला कुलूप लावावे’ या ओळीला
त्यांनी टीप चिकटवलेली, खाली नाव, राव:
नको. ब विंगमधला अनीश दुर्बीण घेऊन जातो.

ती टीप काढायला उजवं बटण पुरतं.
खोतबाईंनाही ती छापील कागदावर नको होती.

हे बघ, छपाईच्या खिडकीत इथे
टिपांची खूण काढून टाकायची.
कागदावर येत नाही.
फाइलमध्ये राहते.

एस दाब.