सत्तावीस फेरे

डॉक्टर विचारतात, स्वप्नं पडतात का?
मी म्हणतो, पडतात कसली, कोसळतात.
कालचं अंगठ्यावर पडलं,
अजून काळानिळा आहे बघा.
ते हसत नाहीत. काहीतरी लिहितात,
पुढच्या नंबराला हाक मारतात.

मी चावीवाला. पालिकेच्या पाणीखात्यात.
शिवडीच्या चढावर रात्री तीन चाळीसला
झाकण उचलायचं, लोखंडी चावी खाली सोडायची,
फिरवायची. सत्तावीस फेरे.
अठ्ठाविसावा नाही, कितीही जोर लावा.
मग जमिनीखालून आधी हवा येते, खोकल्यासारखी,
मग पाणी.
पावणेसहाला तेवढेच फेरे उलटे.

सातला घरी. प्रमिला खिडकीला गोधडी लावते.
ऊन बाहेर राहतं,
कुकरच्या शिट्ट्या आत येतात.
डोळा लागतो न लागतो तोच सुरू –

घोडपदेवच्या नाक्यापर्यंत समुद्र आलाय, गुडघाभर, कोमट,
आणि त्यात उभं राहून मला
दहावीचा भूगोलाचा पेपर द्यायचाय.
मेहुणा लिफ्टमध्ये वांगी विकतोय.
आई कानडी बोलतेय, जी तिला कधी येत नव्हती,
मला सगळं कळतंय,
जाग आल्यावर त्यातलं अक्षर उरत नाही.
भिकाजी तांबे, दोन वर्षांपूर्वी वारलेला,
ड्यूटीच्या वहीत माझी सही मागतो.
त्याच्या पायात माझ्या चपला.

उठतो तर मांड्या भरून आलेल्या.
कुठला जिना चढलो, विचारू नका.
झोपून दमलेला माणूस बघितलाय कुणी?
प्रमिला म्हणते, दात खात होतात.
म्हणते, ‘बंद कर, बंद कर’ ओरडत होतात.
काय ते मी तिला सांगत नाही.

उपाय झाले.
उशाखाली सुरी, तळमजल्यावरच्या गुरवकाकूंची.
दुधात जायफळ. तळपायाला काशाची वाटी.
पोरीनं मनगटावर घड्याळ बांधलं,
ते रोज सांगतं: तुमची झोप बावन्न टक्के.
उरलेले अठ्ठेचाळीस कुठे गेले?
आमच्या खात्यात याला गळती म्हणतात,
रस्ता खणून शोधतात.
वही केली. पडलं की लिहायचं.
चौथ्या दिवशी वहीच स्वप्नात आली,
आत सगळं आधीच लिहिलेलं,
अक्षर भिकाजीचं.

एवढं मात्र सापडलं, न शोधता:
तिथली चावी थांबत नाही.
सत्तावीस होतात, अठ्ठावीस, एकतीस, चाळीस,
लोण्यातून फिरावी तशी फिरत राहते.
म्हणजे हे स्वप्न.
पहिल्यांदा कळलं तेव्हा स्वप्नातच घाबरलो.
टाक्या वाहणार, चाळींचे जिने धबधबे होणार,
मेमो मिळणार.
उलटी फिरवायला लागलो, घामाघूम.
त्या बाजूलाही अंत नव्हता.

परवा हात सोडले.
ठरवून नव्हे, दमलो होतो.
भिकाजी झाकणाच्या कडेला बसलेला,
हातात बिडी नव्हती तरी पेटवत होता.
मी शेजारी टेकलो. चावी आपली आपण फिरत राहिली,
पाणी उतारानं गेलं, बंदराच्या बाजूला,
खाडीत उभ्या रोहित पक्ष्यांच्या पायांत.
त्यांनी एकेक पाय उचलला, पुन्हा ठेवला.
भिकाजी म्हणाला, कोणाची तक्रार नाही रे.

फार वेळ बसलो असू.
प्रमिलानं हलवलं तेव्हा दोन वाजून गेले होते,
वरण गार झालं होतं.

बरा झालो असं नाही.
काल मेहुणा आलाच पुन्हा, वांगी घेऊन.
पण आज रात्री तीन चाळीसला
पंचविसाव्या फेऱ्याला हात जरा हळू झाला.
सव्वीस.
सत्तावीस.
थांबली.
खाली पाणी खोकलं.
समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला,
कुणीतरी नळाखाली बादली सरकवली.
लोखंड गार होतं.
मी अठ्ठाविसाव्याला आणखी एकदा
जोर लावून बघितला.