डिकी डँपची रात्रपाळी

आटपाट नगर नव्हतं. नुसतंच सपाट होतं.
लिंकनशायरच्या या टोकाला
कोबीच्या शेतात उभं राहिलं
तर उद्याची बस आजच दिसावी.

मी तिसरीच्या वर्गातली मदतनीस.
पेन्सिलींना टोकं, नाकांना टिश्यू.
नाव मिस घैसास,
मुलांच्या तोंडी मिस गाय-सॉस.

गुरुवारी आले मिस्टर पॉकलिंग्टन,
चाळीस वर्षं पंपघर सांभाळलेले.
बूट दाराशी काढले. मोज्याला भोक.
मुलांनी आधी भोक पाहिलं, मग माणूस.
खुर्ची बुटकी, गुडघे कानांशी,
घसा खाकरून म्हणाले,
इथे पूर्वी जमीन नव्हतीच.
पाणी होतं, लव्हाळे होते,
आणि डिकी डँप होता.

गुडघ्याएवढा. दाढी शेवाळाची.
चालला की पचक पचक.
पूर उंबऱ्याला लागला
की लोक अंधारात त्याला हाक मारायचे,
आणि पाणी उतरायचं.
मग लांबून हसायचा तो,
अगदी टिटवीसारखा.

मी मागे कागद कापत होते. कात्री थांबली.
रात्री टिटवी ओरडली की माझी आत्या
दाराला कडी घालायची,
कुणाचं नाव घेऊ नका म्हणायची.
इथे तीच टिटवी म्हणजे
पाणी ओसरलं, झोपा आता.
एका पक्ष्याला किती गावं
किती कामांना जुंपतात.

मग कालवे खणले, म्हणाले ते,
वाफेचे पंप आले, दलदल सुकली, गहू आला.

आणि डिकी डँप?
ही उग्ने. दोन दात पडलेली.

गेला.

कुठे?

माझ्या आजोबांनी एवढंच सांगितलंय, बाळ.

वर्ग हलला नाही.
यातली कितीतरी स्वतःच कुठूनतरी निघालेली,
आणि निघालेला माणूस कुठेतरी पोचतोच
हे त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ.

मला माहितीये, उग्ने म्हणाली.
तो पॅकहाउसमध्ये असतो. रात्रपाळीला.
लीक धुतो. तिथे सारखं पाणी ना.
दाढीला पण जाळी लावावी लागते.
माझ्या आईच्या शेजारी उभा राहतो,
क्रेटवर.

त्याला गमबूट नको, दुआर्ते ओरडला.
सुपरवायझरला तो दिसत नाही.
दिसतो, पण उशिरा आला तरच.

पॉकलिंग्टन गप्प.
मला वाटलं, बिनसलं.
पणजोबांपासून जपलेली गोष्ट,
पोरांनी तिला टोपी घालून कामाला लावली.
बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं,
पगार काय देतात त्याला?

कमीत कमी, उग्ने म्हणाली.
रविवारी थोडा जास्त.

त्यांनी खिशातून वही काढली,
लिहून घेतलं,
तिच्या नावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत, कुणी सांगितलं नसताना,
मुलं कुंपणापाशी रांगेने उभी राहिली
आणि बाटल्यांतलं उरलेलं पाणी
पलीकडच्या चरात ओतू लागली.
आर्चीने ब्लॅककरंटचं सरबत ओतलं,
त्यालाही जरा चव लागू दे म्हणून.
हेडबाईंनी पाहिलं असावं.
त्या खिडकीतून बाजूला झाल्या.

साठा उत्तरांची कहाणी
पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण
असं मला काही म्हणता येईना.

पहाटे साडेपाचला
पॅकहाउसची मिनीबस आमच्या वळणावर थांबली.
मी चहाचं आधण ठेवलेलं.
बायका उतरल्या, हातमोजे खिशात कोंबलेले,
उग्नेची आई शेवटची.
सात मोजल्या मी.
बसचं दार मात्र तसंच उघडं,
ड्रायव्हर जांभई देत होता,
की थांबला होता, कोण जाणे.

शेतावर टिटवी ओरडली.
सवयीने माझा हात कडीकडे गेला.
मग चहात आणखी अर्धा कप पाणी घातलं.